एलिझाबेथचे माहेर

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम गेली तीन वर्षे माझ्या गळ्यात आहे, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. थोरल्या दिरांनी कामाला सुरुवात केली, त्यांचे डोळे अधू झाले आणि वह्या माझ्याकडे आल्या. या दिवाळीपर्यंत छापून हातात हवा, असा त्यांचा आग्रह आहे. सगळे जवळजवळ झाले आहे, फक्त एका रकान्यापाशी घोडे अडले आहे. माझ्या पणजेसासूबाईंचे माहेर कोणते?

घरात सगळ्यांना याचे उत्तर पाठ आहे. त्या बडोद्याच्या एका सरदारांच्या वाड्यातल्या लेक होत्या. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला हेच सांगितले होते, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितले होते. पण दोन वर्षांपूर्वी माळ्यावरच्या पेटीत मोडीतली एक चोपडी सापडली आणि माझी झोप उडाली. चोपडीत काय होते ते शेवटी सांगते. मधे मी मुलीकडे अमेरिकेला जाऊन आले. तिथे एका चारशे वर्षांपूर्वीच्या मुलीची गोष्ट कळली, ती आधी सांगायला हवी. कारण रकान्यात काय लिहायचे, हे मी त्या गोष्टीवरून ठरवले.

माझी मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर राहते. तिच्या शेजारी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कंबर ताठ. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि फायली जास्त. आईकडून आपण मेफ्लॉवर जहाजावरच्या एका प्रवाशाच्या वंशातल्या आहोत, हे त्यांना कागदोपत्री सिद्ध करायचे होते. मेफ्लॉवर १६२० साली इंग्लंडहून निघाले आणि आताच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले. त्यावरच्या १०२ प्रवाशांनी तिथे प्लिमथ ही वसाहत वसवली. त्यांच्या वंशजांची संस्था १८९७ पासून आहे, आणि तिचा नियम साधा आहे. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह, मृत्यू कागदाने दाखवा. "आमची आजी सांगायची" हे चालत नाही.

मी त्यांना विचारले, "एवढ्या मागे जायचे कसे?"

त्या म्हणाल्या, "मागून पुढे यायचे नाही. मोठ्या पूर्वजापासून सुरुवात केली की माणूस स्वतःपर्यंत पोचतोच, कारण त्याला पोचायचे असते. स्वतःपासून सुरू करायचे आणि एक एक पायरी मागे जायचे."

मी चपापले. आमच्या कुलवृत्तांताची सुरुवात मूळ पुरुषापासूनच होती.

मग त्यांनी मला पायऱ्या दाखवल्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने जन्म, विवाह, मृत्यूंची एकत्र नोंद ठेवायला १८४१ साली सुरुवात केली. तिथवर काम सोपे. त्याआधी गावोगावच्या कारकुनांच्या वह्या. जनगणना १७९० पासून आहे, पण १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. इतक्या वयाचे पुरुष इतके, बायका इतक्या. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव पहिल्यांदा आले ते १८५० साली. 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा. त्याच वर्षी गुलामांची वेगळी यादी झाली, तिच्यात मालकाचे नाव आहे आणि त्याखाली वय, लिंग, रंग. ज्यांची यादी होती त्यांची नावे बहुतेक ठिकाणी नाहीतच. त्यांच्या वंशजांचा शोध १८७० च्या जनगणनेपाशी येऊन भिंतीवर आपटतो.

बायकांची अडचण वेगळीच. लग्न झाले की आडनाव बदलले, माग पुसला. आजींचे घोडे सहा वर्षे अडले होते ते अशाच एका बाईपाशी. नवऱ्याच्या कागदात ती नुसती 'पॉली'. माहेरचे आडनाव नाही. मग त्यांना आठवले की पॉली हे मेरीचे लाडाचे नाव, जसे सॅली हे साराचे. त्यांनी त्या गावातल्या मृत्युपत्रांमध्ये मेरी नावाच्या लेकी शोधायला घेतल्या, आणि एका बापाच्या मृत्युपत्रात "माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको" अशी ओळ मिळाली. बाईचे माहेर तिच्या स्वतःच्या कागदात नसते, बापाच्या मृत्युपत्रात, भावांच्या जमिनीच्या वाटणीत असते. मी हे लगेच वहीत लिहून घेतले.

आजींचा शोध जिथे जाऊन थांबणार होता ते जोडपे म्हणजे जॉन हाऊलंड आणि एलिझाबेथ. दोघेही मेफ्लॉवरवरचे. जॉन हा जॉन कार्व्हरकडे नोकरीला होता, आणि कार्व्हर वसाहतीचा पहिला गव्हर्नर झाला. वाटेत वादळात जॉन समुद्रात पडला आणि लोंबणारा दोर हाती लागला म्हणून वाचला. पुढे दहा मुले झाली, ती सगळी जगली. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही राष्ट्राध्यक्ष बुश त्यांच्याच वंशातले. तेव्हा या घराण्याचे वंशज किती असतील, विचार करा.

एका रविवारी आजी आणि मुलगी मला प्लिमथला घेऊन गेल्या. गावातल्या जुन्या दफनभूमीच्या टेकडीवर हाऊलंडच्या नावाचा दगड आहे. त्यावर कोरले आहे की त्याची बायको एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी. आजी म्हणाल्या, "हा दुसरा दगड. याआधीच्या दगडावर वेगळेच होते."

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वंशजांनी मोठ्या अभिमानाने तिथे दगड उभारला होता, तेव्हा त्यावर एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी असे कोरले होते. कुणी लबाडी केली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या घरात तसेच सांगत आले होते. तोंडी गोष्ट दगडात गेली की मग तिच्याशी कोण वाद घालणार?

वाद घातला तो एका हरवलेल्या हस्तलिखिताने. कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने वसाहतीची हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. ते बाड पुढे बॉस्टनच्या ओल्ड साउथ या प्रार्थनामंदिरातल्या संग्रहात होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते नाहीसे झाले. इंग्रज फौजेने त्या मंदिरात घोडदौडीची शाळा केली होती, तेव्हा काय काय गेले असेल देव जाणे. ऐंशी वर्षे पत्ता नाही. मग १८४४ साली लंडनहून निघालेल्या एका चर्चच्या इतिहासात काही उतारे आले, आणि बॉस्टनच्या अभ्यासकांनी काही वर्षांनी ते वाचून ओळखले की हे तर ब्रॅडफर्डचे! चौकशी केली तर बाड लंडनच्या बिशपांच्या फुलहम पॅलेसमधल्या ग्रंथालयात निघाले. १८५६ साली ते बॉस्टनला छापले गेले. मूळ प्रत १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत आली.

त्या बाडाच्या शेवटी ब्रॅडफर्डने जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे, कुटुंबवार, आणि तीस वर्षांनंतर कोणाचे काय झाले तेही. त्यात जॉन टिली, त्याची बायको आणि मुलगी एलिझाबेथ. नवराबायको दोघे किनाऱ्याला लागल्यावर थोड्याच दिवसांत गेले. मुलीने जॉन हाऊलंडशी लग्न केले. बस, एवढेच. पण एवढ्याने दगड खोटा ठरला.

त्या पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसे दगावली. तेरा वर्षांच्या एलिझाबेथचे आईवडील गेले, काका-काकू गेले. परक्या किनाऱ्यावर पोर उघडी पडली. आणि नंतर तिच्या वडिलांचे नावही गेले. गव्हर्नरचे नाव मोठे, टिलीचे लहान. मोठ्या नावाने लहान नाव गिळून टाकले.

मग ही चूक झाली कशी? इथे आजींनी मला एक मजेदार कागद दाखवला. १६२७ साली वसाहतीतली गुरे वाटून घ्यायची ठरली. तेरा तेरा माणसांचे बारा गट केले, आणि प्रत्येक गटात कोण कोण हे नावानिशी लिहिले, तान्ह्या पोरांसकट. हाऊलंडच्या गटाला जी गाय आली तिचे नावसुद्धा लिहिले आहे, रॅगहॉर्न. गुरांच्या वाटणीमुळे अख्ख्या वसाहतीची यादी आपल्या हाती आली. त्यात जॉन, एलिझाबेथ आणि त्यांची दोन मुले आहेत. एक जॉन, दुसरी डिझायर. हे डिझायर नाव कुठून आले? ब्रॅडफर्डच्या यादीत कार्व्हरच्या घरात डिझायर मिंटर नावाची एक मुलगी आहे, ती पुढे इंग्लंडला परत गेली आणि तिथे वारली. आपल्या लेकीला एलिझाबेथने तिचेच नाव दिले असावे. यावरून अभ्यासकांचा तर्क असा की आईवडील गेल्यावर एलिझाबेथ कार्व्हरांच्या घरात राहिली असावी. जॉन हाऊलंडही त्याच घरातला. पहिल्या वसंतात कार्व्हर गेला, पाठोपाठ त्याची बायको. त्यांना मागे मूल नव्हते. ज्या घरात पोर राहिली, त्या घराची लेक म्हणून लोकांनी तिला लक्षात ठेवले.

म्हणजे घरातली गोष्ट अगदीच खोटी नव्हती. एका मुलीला कुणीतरी घरात घेतले, हे तिच्या मुळाशी होते. तेवढे निसटले आणि मोठे नाव राहिले.

पण मला सर्वांत लागले ते वेगळेच. ब्रॅडफर्डच्या यादीत टिलीच्या बायकोचे नाव नाही. 'जॉन टिली आणि त्याची बायको' एवढेच. एलिझाबेथला वडील परत मिळाले, आई मिळाली नाही. हॉलंडमधल्या लायडन शहरातल्या १६१५ च्या एका विवाहनोंदीत टिली नावाचा माणूस सापडला, म्हणून बरीच वर्षे त्याची डच बायको यांच्या वंशावळीत चिकटवली गेली. तो टिली वेगळाच होता. सारख्या नावाने फसगत, दुसरे काय! खरे उत्तर १९७० च्या दशकात मिळाले, इंग्लंडमधल्या बेडफर्डशर परगण्यात, हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत. इंग्लंडच्या चर्चमध्ये अशा वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ सालचा. त्या वहीत १५९६ साली जॉन टिलीचे लग्न जोन हिच्याशी झाल्याची नोंद आहे. ती आधीची विधवा, माहेरची हर्स्ट. आणि ३० ऑगस्ट १६०७ ला त्यांची मुलगी एलिझाबेथ हिचा बाप्तिस्मा.

ही एलिझाबेथ तीच कशावरून? मी विचारायच्या आतच आजींनी शेवटची फाइल उघडली. एलिझाबेथचे मृत्युपत्र. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, ती लेकीकडे, स्वॉन्झी गावी राहत होती. डिसेंबर १६८६ मध्ये केलेल्या त्या मृत्युपत्रात ती स्वतःचे वय सांगते, ७९. १६०७ मध्ये ७९ मिळवा. बरोब्बर १६८६. दोन देश, मध्ये अख्खा समुद्र, आणि दोन कागद एकमेकांना टाळी देतात. माझ्या अंगावर काटा आला, खोटे सांगत नाही.

त्या मृत्युपत्रात काय आहे ते बायकांनी वाचावे. थोरल्या लेकाला पाच पौंड आणि एक धर्मग्रंथ, एकाला वजनाचा काटा, एकाला मोठे लोखंडी भांडे आणि ते चुलीवर टांगायचे आकडे. बाकी चादरीचे जोड, उशांचे अभ्रे. आपल्या आज्यांनी तांब्याचा बंब कुणाला आणि पितळेचा डबा कुणाला असे वाटले, त्यातलाच प्रकार. डिसेंबर १६८७ मध्ये ती वारली. नवऱ्याशेजारी नाही, तिथून दूर, आताच्या ऱ्होड आयलंड राज्यात तिचे दफन झाले.

उतरताना मी आजींना एक विचारलेच. "तुमच्या लोकांनी इथे पाऊल ठेवले तेव्हा इथे आधीपासून कोण होते?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "इथे पटक्सेट नावाचे वाम्पानोआग लोकांचे गाव होते. आधीच्या काही वर्षांतल्या साथीत ते ओस पडले. त्यांच्या यादीची वही कुणी केली नाही. मी एवढे कागद गोळा केले, पण ज्यांच्या शेतावर आम्ही गाव वसवले त्यांची नावे मला शोधता येणार नाहीत." मग आम्ही गाडीत बसेपर्यंत कुणी काही बोलले नाही.

आता आमची चोपडी.

ती पणजेसासऱ्यांच्या लग्नाच्या खर्चाची आहे. मोडी वाचणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडून मी ती लावून घेतली. तिथी आहे वैशाखातली, संवत १९५६. इथेही घोळ होताच. आपल्या गुजरातेत संवत दिवाळीनंतर बदलतो, माळव्यात चैत्रात. त्यामुळे तोच वैशाख इथे १९०० सालचा आणि उज्जैनला १८९९ चा. (इंग्रजांचेही जुने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून हाऊलंडच्या दगडावर १६७२/३ अशी दोन साले आहेत. चला, आपणच एकटे घोळ घालणारे नाही!) बडोद्याची चोपडी, म्हणजे १९००. छप्पनियाच्या दुष्काळाचे वर्ष. त्या मानाने लग्न अगदी बेताचे, पंगतीला शिधासुद्धा मोजून.

आहेराच्या पानावर मुलीकडच्यांपैकी पहिले नाव आहे ते 'कन्येचे मामा'. कन्यादानाची दक्षिणाही त्यांच्याच नावे. वडिलांचे नाव कुठेच नाही. खाली सातव्या ओळीत 'वाड्यातून बाईसाहेबांकडून एक शेला व रुपये ११'. सरदारांच्या घरची लेक असती तर वाड्याचे नाव सातव्या ओळीत आले असते का? आणि अकरा रुपये?

मी दिरांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आजी आश्रित होती म्हणून लिहिणार तू?"

त्यांचे दुखणे मला कळते. त्यांनी आजीला पाहिले आहे. तिच्या हातचे खाल्ले आहे. त्यांच्यासाठी ती सरदारांची लेक हा त्या बाईचा मान आहे, आणि तो मी काढून घेते आहे असे त्यांना वाटले. दोन महिने आमचे या विषयावर बोलणे नव्हते. परत आल्यावर मी त्यांच्यासमोर बसून एलिझाबेथची गोष्ट सांगितली, जशी तुम्हाला सांगितली तशीच. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "त्या दगडावर बापाचे नाव आले, तेव्हा तिचा मान कमी झाला?"

मी म्हटले, "नाही भाऊजी. तिला बाप मिळाला."

ते पुन्हा गप्प. मग म्हणाले, "आपल्याला तोही मिळाला नाही."

खरे आहे. मामांचे नाव आहे, गाव आहे, पण वडिलांचे नाव अजून नाही. मामांच्या गावी जाऊन आले, तिथे त्या आडनावाचे आता कुणी राहत नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मामांच्या घराण्याचे लेख असतील, तर कदाचित बहिणीचे, मेहुण्याचे नाव कुणी सांगून ठेवले असेल. पुढच्या महिन्यात तिकडे जायचे ठरले आहे. भाऊजी म्हणतात, मीही येतो.

तोवर छपाई थांबवणार नाही. रकान्यात काय लिहायचे ते आम्ही दोघांनी ठरवले आहे. 'वडिलांचे नाव' यापुढे कोरी जागा. त्याखाली: 'मामांनी कन्यादान केले, बडोदे, वैशाख संवत १९५६ (सन १९००). वाड्यात वाढल्या असे घरात सांगतात.' सरदारांचे नाव नाही. 'असे सांगतात' हे दोन शब्द मात्र भाऊजींनी आग्रहाने ठेवायला लावले, आणि ते योग्यच आहे. त्या वाड्यात कुणीतरी एका पोरीला भाकरी दिली, शेला दिला. तेही खरे आहे.

मंडळी, या दिवाळीला माहेरी-सासरी सगळे जमतील. फराळ झाला की घरातल्या सर्वांत मोठ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे लग्नाआधीचे नाव, तिच्या आईचे माहेर, तिच्या आजीचे गाव विचारा, आणि ऐकलेले कोणते आणि कागदावरचे कोणते ते वेगवेगळ्या शाईने लिहा. आणि बडोद्यात कुणाच्या घरी छप्पनियाच्या सालातल्या लग्नांच्या चोपड्या पडल्या असतील, तर मला जरूर कळवा. आमची कोरी जागा कदाचित तुमच्या माळ्यावर असेल.